मेंदूच्या दारातली साखर

माझ्या आत्याला मधुमेह आहे. गेली कित्येक वर्षं ती इन्सुलिनची इंजेक्शनं घेते. एका दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती खुर्चीत बसून चष्मा घालायचा प्रयत्न करत होती. काड्या उघडायची, उलटा धरायची, नाकाशी न्यायची, परत मिटायची. चार-पाच वेळा हेच चाललं होतं. मी हात पुढे केला तर खेकसली, "तू मध्ये पडू नकोस." आत्या माझ्याशी असं कधीच बोलत नाही. कपाळावर घामाचे थेंब जमले होते. बोटाला सुई टोचून मशीनवर पाहिलं तर आकडा ४६. साखर पाण्यात विरघळवून ग्लास मीच तिच्या ओठांशी धरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काहीच फरक नाही. मग तिने हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, तो नीट डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "अगं, तू कधी आलीस?"

तिचे हात चालत होते, हृदय चालत होतं, श्वास चालू होता. पहिल्यांदा गेलं ते भान. असं का?

त्यात आता दंडावर चिकटवायचे सेन्सर आले आहेत आणि माणसं दिवसभर फोनवर आपल्या साखरेचा आलेख बघत असतात. त्यातून नवे प्रश्न निघतात. मधुमेहात इन्सुलिन चालत नाही, मग मेंदू उपाशी राहतो का? मेंदूचं अन्न साखर आहे म्हणतात, तर परीक्षेला जाताना गोड खाल्लं की डोकं जास्त चालेल का? साखर पूर्ण सोडली तर मेंदूचं काय होईल? या सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीची भिंत.

पाच ग्रॅमांवर चाललेला संसार

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १.४ किलोचा असतो. वजनाच्या हिशोबाने तो शरीराचा फक्त २ टक्के भाग, पण आपण निवांत पडून असतो तेव्हाही शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तोच घेतो. चेतापेशींना एकमेकींशी विजेच्या संकेतांनी बोलायचं असतं, आणि त्यासाठी सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ढकलणारे पंप अखंड चालू ठेवावे लागतात. झोपेतही ते थांबत नाहीत.

या पंपांचं इंधन म्हणजे ग्लुकोज. आपण खातो ती साखर, पिठूळ पदार्थ, फळं यातून पचनानंतर रक्तात येणारी ही सगळ्यात साधी साखर. रिपोर्टवर 'ब्लड शुगर' म्हणून जो आकडा असतो तो हिचाच. मेंदूला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे मिनिटाला ७५ ते ८० मिलिग्रॅम.

आता हे रक्तातल्या शिल्लकीशी ताडून बघा. शरीरात साधारण पाच लिटर रक्त. दर १०० मिलिलिटरमध्ये ९० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, एका छोट्या चमच्यात मावेल इतकं. यकृताने मागून भर घातली नाही तर एकटा मेंदूच हा चमचा तासाभरात रिकामा करेल.

आणि मेंदूची स्वतःची साठवण? जवळजवळ नाहीच. स्नायू आणि यकृत ग्लुकोजच्या साखळ्या करून ग्लायकोजेन नावाने साठवून ठेवतात. मेंदूत ते इतकं थोडं असतं की त्याच्यावर काही मिनिटंच निभावता येईल. रोज आणायचं आणि रोज खायचं, असा हा संसार आहे. म्हणून आणायची वाट कशी आहे हे इथे फार महत्त्वाचं ठरतं.

निळा रंग मेंदूत का शिरेना?

१८८५ मध्ये जर्मन डॉक्टर पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. जवळजवळ सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूच्या पेशींना हा रंग धरतच नसावा, असा अंदाज एर्लिश यांनी बांधला. पुढे १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी प्रयोग उलटा केला. मेंदूभोवती जो पातळ द्रव असतो त्यातच निळा रंग सोडला. या वेळी मेंदू गडद निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंग धरत होता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्येच काहीतरी आडवं येत होतं.

त्या आडव्या येणाऱ्या गोष्टीला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. नावावरून वाटतं की कवटीच्या आत एखादा पडदा लावलेला असेल. तसं काही नाही. हा अडसर मेंदूतल्या प्रत्येक केशवाहिनीच्या भिंतीतच आहे. केशवाहिनी म्हणजे सर्वात बारीक रक्तवाहिनी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद. तांबड्या रक्तपेशींना त्यातून एकामागे एक, कधी अंग चोरून जावं लागतं. मेंदूतल्या अशा सगळ्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर अंदाजे ६०० किलोमीटर भरतील. जाळं इतकं दाट आहे की कुठल्याही चेतापेशीपासून जवळची केशवाहिनी सहसा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतक्या अंतरावर असते. अन्न अगदी उशाशी आणून ठेवलेलं असतं, फक्त मध्ये भिंत आहे.

या भिंतीत नेमकं वेगळं काय, ते १९६७ मध्ये थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. शरीरात इतरत्र, समजा स्नायूत, केशवाहिनीच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात आणि पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज त्यातून सहज पाझरतं. मेंदूत या पेशी शेजारणीशी घट्ट सांधलेल्या असतात. सांधा बुजवलेल्या फरशीसारख्या. फटीतून जायची सोयच नाही. जायचं असेल तर पेशीच्या अंगातून आरपार जावं लागतं, म्हणजे एकदा पेशीत शिरायचं आणि पलीकडून बाहेर पडायचं.

मग दारू डोक्यात कशी चढते?

हा आक्षेप रास्त आहे. भिंत एवढी घट्ट, तर दारू, कॅफीन, भूल देणारी औषधं आणि श्वासातला ऑक्सिजन मेंदूत कसे पोचतात?

पेशीचं पटल तेलकट असतं. तेलात मिसळू शकणारे छोटे रेणू, किंवा ऑक्सिजनसारखे अगदी लहान वायू, या तेलातून सरळ पलीकडे जातात. त्यांना दार लागत नाही. ग्लुकोजचा रेणू मात्र पाण्यावर जीव टाकणारा. त्याच्या अंगावर पाण्याला धरून ठेवणारे पाच हात असतात, ते सोडून तो तेलात शिरायला तयार होत नाही. पाण्यात विरघळलेली साखर वरच्या तेलाच्या थरात जात नाही, तेच इथे होतं. गंमत म्हणून घेतलेला घोट भिंत ओलांडून जातो आणि ज्याच्यावाचून मेंदू तासभरही नीट चालणार नाही ते इंधन भिंतीशी अडतं. त्याच्यासाठी दार हवं.

दार कसं आहे

हे दार म्हणजे एक प्रथिन. त्याचं नाव ग्लूट-१. नाव रुक्ष आहे, पण या लेखात पुन्हा पुन्हा येणार असल्यामुळे तेवढं लक्षात ठेवा. ४९२ अमिनो आम्लांची ही एक लांब माळ, जी पेशीच्या तेलकट पटलातून बारा वेळा आत-बाहेर ओवलेली असते. या बारा फेऱ्यांच्या मधोमध एक पोकळी तयार होते, आणि ग्लुकोज त्या पोकळीतून जातं.

पण पोकळी म्हटलं की नळी डोळ्यांसमोर येते, आणि इथेच गैरसमज होतो. नळी दोन्हीकडून उघडी असते. अशी नळी भिंतीत असती तर साखरेबरोबर नको ते सगळं आत आलं असतं. दोन दारांची एक छोटी खोली डोळ्यांपुढे आणा, जिची दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. आधी रक्ताच्या बाजूचं दार उघडं आहे. ग्लुकोजचा एक रेणू आत येतो आणि खोलीतल्या खाचेत बसतो. तो बसला की सगळी खोलीच कलते. मागचं दार मिटतं, पुढचं उघडतं, रेणू पलीकडे सुटतो. मग रिकामी खोली परत पहिल्या बाजूला कलते. एकेक ग्लूट-१ हे सेकंदाला शेकडो वेळा करतं. २०१४ मध्ये चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठात नियेंग यान यांच्या गटाने माणसाच्या ग्लूट-१ ची अणूंपर्यंतची रचना उलगडली, तेव्हा ही खोली एका बाजूला उघडलेल्या अवस्थेत प्रत्यक्ष बघायला मिळाली.

खाच फार चोखंदळ आहे. ग्लुकोजची आरशातली प्रतिमा असलेला रेणू प्रयोगशाळेत बनवता येतो. त्यात अणू तेवढेच, जोडणी तीच, फक्त डावं-उजवं उलटं. तो या खाचेत बसत नाही. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट चढत नाही तसंच हे. फळांत असणाऱ्या फ्रुक्टोज या साखरेलाही हे दार जवळजवळ बंदच. साखर म्हणजे मेंदूचं अन्न, असं सरसकट म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. नेहमीच्या साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज असतो, अर्धा फ्रुक्टोज. मेंदूच्या दारात थेट चालतो तो पहिला अर्धा.

ग्लूट-१ ची दारं केशवाहिनीच्या पेशीला दोन्ही अंगांनी असतात. रक्ताच्या बाजूला आत यायला आणि मेंदूच्या बाजूला बाहेर पडायला. ही पेशी इतकी चपटी असते की दोन्ही उंबरठ्यांमधलं अंतर जवळजवळ नगण्य.

कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही

मला या सगळ्यात सर्वात विलक्षण वाटणारी गोष्ट ही आहे. या दारावर एक कणभरही ऊर्जा खर्च होत नाही.

आतड्यात आणि मूत्रपिंडात तसं नसतं. तिथे साखर उलट्या चढावरही खेचून घेतली जाते, अगदी शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून, आणि त्या खेचण्याची किंमत पेशीला मोजावी लागते. मेंदूच्या दारात फक्त उतार आहे. पाणी उंचावरून खाली येतं तसं ग्लुकोज जिथे दाट आहे तिथून जिथे विरळ आहे तिकडे जातं. कोपनहेगनमधले शरीरशास्त्रज्ञ ख्रिश्चन क्रोन यांनी १९६५ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं की ग्लुकोज वाहकाच्या मदतीने पण उताराच्याच दिशेने मेंदूत जातं.

दार दोन्हीकडे कलतं, याचा सरळ अर्थ असा की ग्लुकोज मेंदूतून परत रक्तातही जाऊ शकतं, आणि काही प्रमाणात जातंही. मग एकूण प्रवाह आतल्याच दिशेने का राहतो? कारण आत खाणारे बसले आहेत. ग्लुकोज पेशीत शिरलं की हेक्सोकायनेज नावाचं विकर त्याला लगेच फॉस्फेटचा एक गट चिकटवतं. या नव्या रूपात ते त्या खाचेत बसत नाही, म्हणून परत फिरता येत नाही आणि पुढे जळण्यावाचून इलाज उरत नाही. आतलं ग्लुकोज असं सतत कमी होत राहतं आणि उतार टिकून राहतो. रक्तात ९० मिलिग्रॅम असताना मेंदूच्या ऊतीत त्याच्या साधारण पाव हिस्साच सापडतं.

या 'चिकटवून अडकवण्या'चाच उपयोग पेट (PET) स्कॅन या तपासणीत करतात. ग्लुकोजसारखाच, पण किंचित बदललेला आणि किरणोत्सर्गी खूण लावलेला रेणू शिरेतून देतात. तो त्याच दारातून आत जातो, त्याला फॉस्फेट चिकटतो, पण पुढे तो जळू शकत नाही. जिथे गेला तिथेच अडकून बसतो. मेंदूचा जो भाग जास्त ग्लुकोज मागतो तो स्कॅनवर जास्त उजळ दिसतो. माणसाच्या मेंदूवर हे पहिल्यांदा १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये केलं गेलं.

केशवाहिनी ओलांडल्यावरचा प्रवास थोडक्यात सांगते. ग्लुकोज पेशींमधल्या द्रवात येतं. त्यातलं काही ग्लुकोज ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी घेतात, काही थेट चेतापेशी घेतात. चेतापेशीचं दार वेगळं, ग्लूट-३. ते ग्लुकोजला जास्त घट्ट पकडतं, त्यामुळे द्रवातलं ग्लुकोज विरळ असलं तरी चेतापेशीला मिळतं. ॲस्ट्रोसाइट आपल्या वाटचं ग्लुकोज अर्धवट जाळून लॅक्टेटच्या रूपात चेतापेशींना भरवतात, असा सिद्धांत १९९४ मध्ये लुक पेलेरिन आणि पिएर माजिस्ट्रेटी यांनी मांडला. त्यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही जोरदार वाद चालू आहे.

इन्सुलिनचं इथे काय काम?

इन्सुलिन ही पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली आहे, असं आपल्याला नेहमी सांगतात. तेच डोक्यात धरलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. किल्ली नसेल तर मेंदू उपाशी मरेल ना?

किल्लीची उपमा स्नायू आणि चरबी यांच्यापुरती ठीक आहे. त्यांच्याकडे ग्लूट-४ नावाची दारं असतात आणि ती एरवी पेशीच्या पोटात आवरून ठेवलेली असतात. जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की ती पृष्ठभागावर आणून बसवली जातात, इन्सुलिन उतरलं की परत आत ओढली जातात. मेंदूच्या केशवाहिन्यांवरची ग्लूट-१ आणि चेतापेशींवरची ग्लूट-३ मात्र कायम आपल्या जागी असतात. ती इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. मधुमेहात किल्ली हरवली तरी मेंदूचं दार उघडंच असतं.

या व्यवस्थेचं महत्त्व उपाशीपोटी कळतं. शेवटचं जेवण होऊन बरेच तास झाले, रक्तात इन्सुलिन कमी झालं. स्नायू आणि चरबी यांची ग्लूट-४ दारं आत ओढली गेली. ते आता चरबीवर भागवतात. यकृत साठ्यातून थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतं आणि त्यातलं बरंचसं ज्याचं दार मिटतच नाही त्या मेंदूला मिळतं. इन्सुलिन नसणं म्हणजे एका अर्थाने बाकीच्यांना दिलेला हुकूम, की आता थांबा, आधी त्याला खाऊ द्या. मेंदूलाही इन्सुलिनची परवानगी लागली असती तर उपास पडल्याबरोबर सगळ्यात आधी तोच अडचणीत आला असता.

बाहेरून टोचलेलं इन्सुलिन हाच क्रम उलटवतं. डोस जास्त झाला किंवा जेवण हुकलं तर स्नायूंची दारं सताड उघडी राहतात, यकृताचा हात आखडतो, आणि त्या पाच ग्रॅमांच्या चमच्यातलं ग्लुकोज मेंदूच्या वाट्याला येण्याआधीच दुसरीकडे जातं. मधुमेहाच्या काही गोळ्याही शरीराचं स्वतःचं इन्सुलिन वाढवून अशीच अडचण करू शकतात.

म्हणजे मेंदूला इन्सुलिनशी काहीच घेणं-देणं नाही का? आहे. इन्सुलिन स्वतः थोड्या प्रमाणात मेंदूत पोचतं आणि भूक-तृप्ती सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागाला शरीरात किती साठा आहे याची वर्दी देतं. मेंदूच्या काही चेतापेशींवर ग्लूट-४ सुद्धा सापडतं. पण रोजचं शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज ज्या मोठ्या दारातून येतं, ते इन्सुलिनवर अवलंबून नाही.

गोड खाल्लं की डोकं जास्त चालेल?

नाही. याची दोन कारणं आहेत.

पहिलं दारांशीच जोडलेलं आहे. दारांची संख्या ठरलेली आणि प्रत्येक दाराला कलायला ठरावीक वेळ लागतो. रक्तातली साखर वाढत गेली तसा आत जाण्याचा वेग वाढतो, पण त्याच प्रमाणात नाही. एका टप्प्यानंतर दारं गच्च होतात आणि बाहेर रांग वाढली तरी आत जाणाऱ्यांचा वेग फारसा वाढत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साखर नेहमीच्या पातळीवर असताना ही दारं मेंदूच्या गरजेपेक्षा दुपटीहून जास्त ग्लुकोज आत आणू शकतात. म्हणजे निरोगी माणसाच्या मेंदूची अडचण कधीच पुरवठ्याची नसते. आणखी इंधन ओतल्याने चेतापेशी जास्त जाळत नाहीत. काम जेवढं, तेवढंच त्या जाळतात.

अवघड गणित सोडवताना डोकं तापतं असं आपण म्हणतो, पण त्या वेळी मेंदूचा एकूण खर्च जेमतेम काही टक्क्यांनी वाढतो. कामाला लागलेल्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि तेवढ्याने गरज भागते.

बरं, रक्तात साखर कायम चढी राहिली तर मेंदूला फायदा सोडाच, त्याच बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत जातात. दारं ज्या भिंतीत बसवली आहेत ती भिंतच पोखरली जाते.

साखर उतरते तेव्हा

आता आत्याच्या चष्म्याकडे परत येऊ. रक्तातली साखर ९० वरून ४६ वर आली की दारं बिघडत नाहीत. उतार कमी होतो. गरजेच्या दुप्पट आणण्याची जी सोय होती ती संपते, आणि पुरवठा गरजेच्या खाली जातो. स्नायू चरबी जाळून निभावून नेतो, हृदयही. मेंदूला तसं करता येत नाही, कारण चरबीतली लांब आम्लं तो इंधन म्हणून जवळजवळ वापरतच नाही आणि स्वतःजवळ साठा नाही.

शरीर त्याआधी इशारे देतं. साखर ७० च्या खाली जाऊ लागली की ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनॅलिन सुटतात. हात थरथरतात, घाम फुटतो, धडधडतं, कडकडून भूक लागते. यकृताला साठा सोडायला लावणारीही हीच रसायनं. ५४ च्या खाली गेलं की खुद्द मेंदूची लक्षणं दिसू लागतात. शब्द सापडत नाहीत, साधी कृती जमत नाही, स्वभावच बदलल्यासारखा होतो. विचार, विवेक, नियोजन सांभाळणारा मेंदूचा वरचा थर आधी डगमगतो, श्वास आणि हृदय चालवणारा खालचा भाग बराच उशिरापर्यंत तग धरतो. म्हणून आत्याचा श्वास ठीक होता आणि चष्मा मात्र उलटा. ती माझ्यावर ओरडली त्यात तिचा काही दोष नव्हता. शुगर लो झालेला माणूस चिडला, हट्ट करू लागला, 'मला काही झालेलं नाही' म्हणाला, तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, आधी आकडा बघा. मशीन हाताशी नसेल तर सरळ साखर द्या.

शुद्धीवर असलेल्या माणसाला पटकन रक्तात मिसळेल असं साधारण १५ ग्रॅम गोड द्यायचं, म्हणजे तीन छोटे चमचे साखर पाण्यातून. १५ मिनिटांनी परत मोजायचं. कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. ही १५ मिनिटं मेंदूच्या दारासाठी लागत नाहीत, ते तर क्षणात काम करतं. वेळ लागतो तो साखर पोटातून आतड्यात आणि तिथून रक्तात यायला. त्या दुपारच्या दहा मिनिटांत मला वाटत होतं की काहीच होत नाही, पण साखर वाटेत होती. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तेव्हा ग्लुकागॉनचं इंजेक्शन किंवा थेट दवाखाना.

ज्यांची शुगर वारंवार लो होते त्यांच्यात थरथर आणि घाम हे इशारे पुसट होत जातात आणि माणूस थेट गोंधळलेल्या अवस्थेत पोचतो. आत्याच्या बाबतीत हेच झालं होतं, कपाळावर घाम दिसला तोवर ती गोंधळलेलीच होती. दंडावरच्या सेन्सरचा खरा उपयोग मला इथे वाटतो. शरीराने द्यायचा बंद केलेला इशारा तो वाजवून देतो.

दारंच कमी असतील तर?

सगळी भिस्त दारावर आहे हे कशावरून? याचा सर्वात ठोस पुरावा काही लहान मुलांकडून मिळाला. १९९१ मध्ये अमेरिकेतले बालमेंदूतज्ज्ञ डॅरिल डि विवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन बाळांचा वृत्तांत लिहिला. दोघांना आकडी यायची, औषधांना दाद मिळत नव्हती. रक्तातली साखर अगदी व्यवस्थित. पण पाठीतलं पाणी काढून तपासलं, तर त्यातली साखर फार कमी. हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचाच द्रव. एरवी त्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते. रक्तात भरपूर आणि भिंतीपलीकडे खडखडाट, याचा अर्थ दोष भिंतीतच होता.

पुढे कारण सापडलं. ग्लूट-१ घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते, त्यामुळे दारं जवळजवळ निम्मीच बनतात. बाळपणात हे फार जड जातं, कारण पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू निवांत असतानाही शरीराच्या ऊर्जेचा जवळपास दोन तृतीयांश भाग खातो. मागणी सर्वात जास्त आणि दारं निम्मी.

अशा मुलांना जास्त साखर भरवून भागत नाही. पण मेंदूच्या भिंतीत आणखी एक वेगळं दार असतं, किटोनसाठीचं. यकृत चरबी जाळून किटोन बनवतं, ते पाण्यात विरघळतात आणि एमसीटी-१ नावाच्या प्रथिनातून मेंदूत शिरतात. म्हणून या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली किटोजेनिक आहार देतात, म्हणजे भरपूर चरबी आणि अगदी मोजकं कर्बोदक. मुख्य दार अरुंद, तर शेजारच्या दाराने इंधन आत आणायचं. बऱ्याच मुलांच्या आकड्या यामुळे थांबतात.

साखर पूर्ण सोडली तर मेंदूचं काय, याचंही उत्तर याच दुसऱ्या दारात आहे. १९६७ मध्ये ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिलठ्ठ रुग्णांच्या पाच-सहा आठवड्यांच्या उपासाचा अभ्यास केला. इतक्या दिवसांनी मेंदूच्या ऊर्जेचा साधारण दोन तृतीयांश भाग किटोनमधून येत होता. उरलेल्यासाठी ग्लुकोज तरीही लागत होतं, आणि ते यकृत व मूत्रपिंड प्रथिनांतून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलमधून स्वतः बनवत होते. म्हणजे डब्यातल्या साखरेवाचून मेंदूचं अडत नाही, रक्तातल्या ग्लुकोजवाचून अडतं. पण ही जुळवाजुळव व्हायला काही दिवस लागतात. इन्सुलिनने अर्ध्या तासात साखर खाली आली तर किटोन मदतीला येत नाहीत, उलट इन्सुलिन किटोन बनणंच थांबवतं. त्या दुपारी आत्याच्या मेंदूची दुसरी वाटही याचमुळे बंद होती.

ग्लूट-१ ची कमतरता विरळ आहे, पण ती ओळखण्याची एक खूण आई-वडिलांना घरीच दिसू शकते. आकडी, अचानक तोल जाणं किंवा डोळ्यांचे विचित्र झटके सकाळी उपाशीपोटी जास्त आणि खाल्ल्यावर कमी, असं बऱ्याच मुलांत आढळतं. मूल असं वागत असेल तर डॉक्टरांना फक्त 'फिट येते' इतकं सांगू नका. किती वाजता येते आणि शेवटचं खाऊन किती वेळ झाला होता, तेही लिहून न्या. पाठीतलं पाणी तपासायचं की नाही, हे ठरवताना त्या वेळेच्या नोंदीचा उपयोग होऊ शकतो.